वाड्याकडून वाडीकडे

सदाशिव पेठेतल्या ज्या थोड्या वाड्यांत अजून बिऱ्हाडं आहेत, तिथे पहाट पाण्याने होते. चौकातला नळ सुरू होतो, बादल्या फरशीवरून सरकतात, कुणीतरी हंडा घासायला बसतं. आम्ही नागनाथ पारावरून निघालो तेव्हा दुकानांच्या फळ्या बंदच होत्या, पण खुन्या मुरलीधराच्या बाजूला दूधवाले आणि पेपरवाले यांची गडबड सुरू झाली होती. रस्ता धुऊन काढल्यासारखा ओला होता. आश्विन निम्मा सरला होता. दसरा होऊन गेला होता, दिवाळीला अवकाश होता, आणि पावसाने एक शेवटची सर रात्री टाकून दिली होती.

या पेठेने आपलं पाणी नेहमी लांबून आणलं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळांतून पाणी शहरात खेळवलं आणि पेठापेठांत हौद झाले. सदाशिव पेठेतल्या हौदाचं नाव अजून त्या चौकाला आहे, तिथे पाणी भरायला आता कुणी जात नसलं तरी. इंग्रजांनी १८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पुरं केलं. नंतर पानशेत, वरसगाव, टेमघर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्या दिवसाची गोष्ट पेठेतल्या प्रत्येक जुन्या घरात आहे: कोण माळ्यावर चढलं, कुणाचं काय वाहून गेलं, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं. वरसगावची मात्र अशी गोष्ट पेठेत नाही. ते धरण कधी आमच्या अंगावर आलं नाही. मोसे नदी तिथे अडवली, बाजी पासलकरांचं नाव जलाशयाला दिलं आणि त्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. त्या गावांची नावं पेठेत विचारली तर फारशी कुणाला सांगता येणार नाहीत. आम्ही त्याच खोऱ्यात निघालो होतो.

बरोबर काका होते. नात्याने काका नव्हेत. सगळ्या वाड्यावस्त्यांवर त्यांना काका म्हणतात म्हणून मीही म्हणते. आयुष्याची पंचवीसेक वर्षं त्यांनी तलाठी कचेऱ्यांच्या बाकांवर काढली आहेत, दुसऱ्यांच्या जमिनींसाठी. मोसे खोऱ्यातल्या एका कातकरी वाडीवर वनहक्काचे दावे तयार करायचे होते, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचे होते. "तुझं अक्षर चांगलं आहे, चल," एवढंच ते फोनवर म्हणाले होते. दिवाळीनंतर वाडीतली कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात वाडीत ग्रामसभेला माणूसच नसतो. म्हणून घाई.

चांदणी चौक ओलांडला की पूर्वी गाव सुरू व्हायचं. आता भूगाव-भुकूमपर्यंत शहर सुटतच नाही. डोंगराच्या उतारावर इमारती, त्यांच्यामध्ये सापडलेले भाताचे तुकडे, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटच्या जाहिराती. या फलकांवरच्या चित्रांत डोंगर असतो, तळं असतं, झाडाखाली बसलेलं एक सुखी कुटुंब असतं. तिथे आधीपासून राहणारं माणूस एकाही चित्रात नसतं. पिरंगुटला थांबून गरम वडापाव खाल्ला. तिथून डावीकडचा रस्ता मुठा खोऱ्यात जातो, पण काकांनी गाडी सरळ पौडकडे घ्यायला लावली. "आधी मुळशीचं पाणी बघ," ते म्हणाले. "मग पुढचं बोलू."

मुळशीचा तलाव त्या सकाळी काठोकाठ भरला होता. समोर ताम्हिणीच्या दिशेचे डोंगर, त्यांच्यावर सोनकीचा पिवळा थर, आणि पाण्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या. पुण्याहून आलेली मंडळी कठड्याशी उभी राहून फोटो काढत होती. इतकी सुंदर जागा की तिथे काही वाईट घडलं असेल यावर विश्वास बसू नये. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटांच्या कंपनीने हे धरण बांधलं, मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज मिळावी म्हणून. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरवायचं, त्यावर वीज करायची. जमीन घेण्यासाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या हाती दिला. बुडणारी गावं पन्नासच्या आसपास होती आणि माणसं हजारोंनी. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, मावळे बायकापोरांसह कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो सत्याग्रह चालवला आणि बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यापासून. 'जान की जमीन' ही तिथली घोषणा. लढा हरला. बापटांनी शेवटी कामाची आगगाडी अडवण्यासाठी शस्त्र हाती घेतलं आणि सात वर्षांची सजा भोगली.

हा इतिहास पुण्यात पाठ आहे. त्याच्या पोटातली एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा खोऱ्यात, मालक पेठेत. नुकसानभरपाईचा आकडा चांगला दिसू लागला तेव्हा या मालकांतल्या बऱ्याच जणांनी कंपनीशी बोलणी केली आणि पैसे घेतले. ज्यांच्या नावावर कागद होता त्यांची संमती मिळाली, आणि कागदाच्या जगात तेवढी पुरते. ज्यांचे पाय त्या चिखलात होते ते आंदोलन करत राहिले. आणि त्यांच्याही खाली, मालक नाही, कूळ नाही, नुसती मजुरी करणारे, नदीत मासे धरणारे, रानात कंद खणणारे कातकरी. त्यांना त्या हिशेबात कुठला रकाना होता?

हे खोरं आंबेमोहोरासाठी प्रसिद्ध होतं. पेठेत आजारी माणसाला, बाळंतिणीला, आणि सणाला पाहुण्यांना आंबेमोहोराचा आसट भात, वर तूप-मेतकूट. आजीच्या हातचा तो भात मी खाल्लेला आहे आणि त्याचा वास स्वयंपाकघरातून चौकात यायचा तोही आठवतो. ज्या खाचरांतून असा तांदूळ यायचा, त्यांतली सगळ्यांत चांगली खाचरं नदीकाठची होती. धरण नेहमी तीच आधी घेतं. वरचा मुरमाड उतार तेवढा शिल्लक ठेवतं.

दुपारी एका ओळखीच्या घरी जेवण झालं. नाचणीची भाकरी, सुकटीचं कालवण, नवा भात अजून शेतात होता म्हणून गेल्या वर्षीचा इंद्रायणी. मुळशीकडे पाहुण्याला आधी 'कुणाकडं आलासा?' विचारतात, नाव नंतर. माणूस कोण आहे यापेक्षा कुणाचा आहे हे आधी कळावं लागतं. पेठेत उलट. तिथे दारावर नाव असतं, पदवी असते, भेटायची वेळ असते, आणि कुणाचं दार कुठलं, कुणाची हद्द कुठपर्यंत, याबद्दल कुणाच्या मनात संशय राहू नये याची काळजी घेतलेली असते. पुणेरी पाट्यांवर लोक हसतात. मला त्यांत एक खरी निष्ठा दिसते: माझं जे आहे ते माझं आहे, आणि ते सांगायला मी बांधील आहे. ही सवय चांगली आहे. फक्त ती सगळ्यांना परवडलेली नाही.

आमचं बिऱ्हाड भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. आजोबा गेल्यावर आजीने एक पत्र्याचा डबा सांभाळला, त्यात भाडेपावत्या. दर महिन्याची पावती, वर्षावर्षाची गुंडाळी दोऱ्याने बांधलेली. मालकांनी कधी भाडं घ्यायचं टाळलं तर ती मनीऑर्डर करायची आणि मनीऑर्डरची पावती त्याच डब्यात टाकायची. वाडा पाडून इमारत बांधायची वेळ आली तेव्हा बिल्डर आमच्या दोन खोल्यांच्या दारात आला, खुर्चीवर बसला, नकाशा उलगडला. आजीने डबा पुढे केला. बैठका झाल्या, वकील झाले, भांडणं झाली, वर्षं गेली, पण भाडेकरूंच्या सह्या झाल्याशिवाय कुदळ पडली नाही. वाड्याची मालकी आमची कधीच नव्हती. आमची होती ती वहिवाट. १९४७ च्या भाडे कायद्याने त्या वहिवाटीला किंमत दिली, आणि आजीला स्वतःच्या नावाचं घर मिळालं.

मुळशीहून परत पिरंगुटला येऊन मुठा खोऱ्यात वळलो तेव्हा मी काकांना ही गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाच न्याय लाव. दुसरं काय मागतोय आपण?"

टेमघरच्या धरणावरून रस्ता वर चढतो. वळणावळणाला झरे, ओल्या खडकांवर शेवाळ, उतारावर कारवीची दाटी. खाली मुठेचं पाणी, आणि माथा ओलांडला की पलीकडे मोसे खोरं. तिथेच कमान लागते आणि लवासा हे एका खाजगी कंपनीचं शहर सुरू होतं.

दासवे नावाचं गाव होतं त्या जागी आता इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवरचं बंदर दिसतं: पिवळ्या, केशरी, विटकरी रंगाच्या इमारती, पाण्याकाठचा फरसबंद रस्ता, पूल. सुट्टीला आलेली कुटुंबं सायकली फिरवत होती, मुलं आइस्क्रीम खात होती. थोडं वर गेलं की अर्धवट सोडलेले सांगाडे लागतात, सळया बाहेर आलेले, खिडक्यांच्या चौकटी रिकाम्या. १९९६ मध्ये राज्याने नव्या थंड हवेच्या ठिकाणांचं धोरण आणलं आणि २००१ मध्ये वरसगाव जलाशयाभोवतीची १८ गावं त्यासाठी जाहीर झाली. २००५ मध्ये कूळकायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्रकल्पांसाठीची शेतजमीन खरेदी सोपी झाली. २००८ मध्ये कंपनीलाच नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. म्हणजे बांधणारा आणि परवानगी देणारा एकच. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगीविना बांधकाम केल्याबद्दल नोटीस काढली आणि काम थांबलं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

या सगळ्यात मला सगळ्यांत जास्त खटकते ती एक साधी नोंद. कृष्णा खोरे विकास महामंडळाने १४१ हेक्टर जमीन या शहरासाठी भाडेपट्ट्याने दिली. ती जमीन धरणासाठी म्हणून शेतकऱ्यांकडून घेतलेली होती. सार्वजनिक कामासाठी, पुण्याच्या पाण्यासाठी, माझ्या नळासाठी. ज्याने ती दिली त्याला सांगितलं गेलं होतं की शहराला पाणी हवंय. त्यातली जी पाण्याखाली गेली नाही ती त्याच्याकडे परत का गेली नाही? एकदा घेतलेली जमीन घेणाऱ्याची होते आणि तिचं कारण बदललं तरी देणाऱ्याला विचारायचं कारण उरत नाही, असं आपण कधी ठरवलं?

कातकऱ्यांची तक्रार याहून जुनी आहे. या खोऱ्यात काही कातकरी कुटुंबांना कमाल जमीन धारणा कायद्याखाली सरकारने जमिनी दिल्या होत्या. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेचं ३६-अ कलम सांगतं की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची तर सरकारी मंजुरी लागते, आणि बेकायदा गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. तरी या खोऱ्यातल्या आदिवासी जमिनींच्या व्यवहारांबद्दल तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले, जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाच्या कार्यकर्त्यांबरोबर मुगावच्या कातकरी बाया पुण्यात कलेक्टर कचेरीसमोर येऊन बसल्या. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लवासाविरुद्धच्या जनहित याचिकेत हस्तक्षेप केला नाही. याचिका फार उशिरा आली, हे त्याचं एक मुख्य कारण. न्यायालयाची अडचण मी समजू शकते. पण ज्या माणसाला आपली जमीन गेल्याचं कुंपण पडल्यावर कळतं, त्याने वेळेवर यायचं म्हणजे कधी?

लवासा मागे टाकून रस्ता अरुंद होत गेला आणि शेवटी नुसती पायवाट राहिली. उतारावर वरीची कणसं वाकली होती, नाचणी काढायला आली होती. दोन बाया ओढ्याकडून येत होत्या, एकीच्या डोक्यावर लाकडाचा भारा, दुसरीच्या हातात खेकड्यांनी भरलेली चिवारीची टोपली, वर पानं झाकलेली. काकांना बघून ती हसली. "काका, ह्या ताई कोण? लिवनाऱ्या व्हय?" काकांनी मान हलवली. "मग बरं झालं. लवकर लिवा, आमी जानार."

वाडी म्हणजे पंधरा-वीस घरं. कारवीच्या कुडांना शेणामातीचा लेप, काहींवर पत्रे, दोन घरकुल योजनेतली पक्की. अंगणं सारवून लख्ख. एका घरापुढे जाळं वाळत घातलेलं, दुसऱ्या घरापुढे शेळी. माझ्यासाठी कुणीतरी एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची आणली. मी जमिनीवर बसले तर ती खुर्ची माझ्या शेजारी तशीच ठेवली गेली, रिकामी, मी मन बदललं तर असावी म्हणून. जेवायला खेकड्यांचा रस्सा होता. लसूण-मिरची वाटून केलेला, पातळ, तिखट, आणि त्याच्यात बुडवायला तांदळाची भाकरी. खेकडा कसा फोडायचा हे मला येईना, तेव्हा शेजारच्या आजीने माझ्या ताटातला नांगा उचलला, दातांनी फोडला आणि आतला गर पुन्हा माझ्या भाकरीवर ठेवला. पेठेत कुणी दुसऱ्याच्या ताटाला हात लावत नाही. मी तो घास खाल्ला आणि तिने समाधानाने मान डोलावली.

कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. मिलिंद बोकील यांनी कातकऱ्यांवर एक पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'कातकरी: विकास की विस्थापन?' असं आहे. रायगड, ठाणे आणि पुण्याच्या घाटमाथ्यावर ही माणसं बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहतात. पूर्वी जमीनमालकाला मजूर हवा असायचा म्हणून त्याने बांधाच्या कडेला झोपडी घालू दिली. आता त्याच जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जातो, मग मालकाला झोपडी नको होते. दुसरी जागा वनखात्याची. तिथे आजोबाच्या काळापासून नाचणी-वरी करतात, दंड भरतात, पुन्हा करतात.

आंबेगाव आणि जुन्नर या पुणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागतो, जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी बोलणं बंधनकारक होतं. मुळशी त्यात नाही. डोंगररांग तीच, माणसं तशीच, पण नकाशावर रेघ अलीकडून गेली. वनहक्क कायद्याला मात्र अशी रेघ नाही. तो २००६ चा, साऱ्या देशाला लागू. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, तिथे राहतो, त्याचा तिच्यावर हक्क आहे, चार हेक्टरपर्यंत. ही जमीन वारसाला मिळते, विकता येत नाही. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कुणाला उठवता येत नाही.

मला त्या कायद्याचा सगळ्यांत मोठा भाग वाटतो तो नियमांमधला तेरावा नियम. पुरावा म्हणून काय चालेल याची त्यात यादी आहे. सरकारी कागद आहेत, पण तेवढेच नाहीत. घर, झोपडी, जमीन सपाट केल्याच्या खुणा, बांध चालतात. विहीर, दफनभूमी, देवाची जागा चालते. वंशावळ चालते. आणि दावेदार सोडून वाडीतल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली, लिहून घेतलेली हकिगत चालते. भारत इतिहास संशोधक मंडळ आमच्या पेठेतच आहे, १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापन केलेलं. त्या इमारतीत मी लहानपणी गेले आहे, मोडी रुमाल बघितले आहेत. कुणाला कुठल्या गावचं वतन, कुठल्या शेताची चतुःसीमा, कोणाची साक्ष, सगळं शाईत. तिथल्या अभ्यासकांनी एकेका चिटोऱ्यासाठी जन्म घालवला. त्या श्रद्धेचा मला अभिमान आहे, आणि तरीही कळतं की त्या रुमालांत ज्यांचं नाव कधीच आलं नाही, त्यांचं दप्तर म्हणजे ही म्हातारी माणसं. आपल्या देशात जमिनीच्या बाबतीत त्यांचं बोलणं कागदाच्या बरोबरीला बसवणारा कायदा व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

सभा वडाखाली भरली. वनहक्क समितीच्या अध्यक्ष एक तरुण बाई, कडेवर मूल. मागच्या ओळीत मुलगे बसले होते, त्यांतले दोघे लवासात पहारेकरी आणि माळी म्हणून लागलेले. त्यांच्यातल्या एकाने काकांना सरळ विचारलं, "काका, शहर पुरं झालं तर आमाला काम मिळंल ना? मग ते नको असं का म्हनायचं?" काका म्हणाले, "नको असं मी कधी म्हणालो? तुला हवं तर हवं म्हण. पण आधी तुला विचारायला यायला पाहिजे. आणि विचारायला येतील तेव्हा तुझ्या हातात काहीतरी पाहिजे, नाहीतर ते विचारणार कुणाला?"

वाडीत रस्ता नको, दवाखाना नको असं कुणीच म्हणालं नाही. उलट रस्त्याची मागणी त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली. आदिवासींचे हक्क म्हटलं की शहरात दोन बाजू पडतात: एक म्हणते प्रगती अडवू नका, दुसरी म्हणते त्यांना त्यांच्या रानात सुखाने राहू द्या. दोन्हींत त्यांचं काय म्हणणं आहे हे ऐकायची सोय नाही. सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याचा पुनर्विकास भाडेकरूला वगळून झाला असता तर आम्ही तो विकास मानला असता का?

काकांनी मग त्यांना दोन गोष्टी सांगितल्या, अनेकदा सांगितलेल्या असाव्यात, कारण मागून कुणीतरी पुढचं वाक्य आधीच बोलत होतं. एक गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची, जिथे गावाने २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. दुसरी ओडिशातल्या नियमगिरीची. तिथे डोंगरिया कोंध आदिवासींच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही नाही म्हणाल्या, आणि खाण झाली नाही. "बारा?" पुढे बसलेल्या आजोबांनी विचारलं. "समदे?" "समदे," काका म्हणाले. आजोबांनी हाताची बोटं मोजली, ती संपली, मग पुन्हा सुरुवात केली.

या दोन गोष्टींच्या आधी महाराष्ट्रातच नर्मदेकाठी मणिबेलीची गोष्ट घडून गेली. सरदार सरोवरात आपल्या राज्यातली सगळ्यांत आधी बुडालेली वस्ती. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्यातल्या तेहतीस आदिवासी गावांना त्या धरणाचं पाणी लागलं. त्या काळात पुण्यातून तरुण मुलं-मुली तिकडे जायची, काकाही गेले होते. तिथून परत येऊन त्यांनी तलाठी कचेरीचा बाक धरला. पाणी आल्यावर त्यात उभं राहण्यापेक्षा पाणी यायच्या आधी सातबाऱ्यावर नाव लागलेलं बरं, असं त्यांना वाटलं. मला दोन्ही लागतात असं वाटतं. पण त्यांचा हट्ट मला कळतो.

जबाब लिहायला बसलो तोवर ऊन कललं होतं. आजोबा समोर उकिडवे बसले. मी लिहिलं: मी अमुक वर्षांचा, याच वाडीचा रहिवासी, दावेदार माझ्या नात्यातला नाही. जमिनीच्या उत्तरेला काय? "वढा." दक्षिणेला? "दगडाचा बांध, माज्या चुलत्यानं घातल्याला. मी लहान हुतो, दगड हातात द्यायचो." पूर्वेला? "आंबा." पश्चिमेला वनखात्याची खूण, पांढऱ्या रंगाचा दगड. किती वर्षांपासून कसतात? त्यांनी साल सांगितलं नाही. पानशेत फुटलं त्या पावसात दावेदाराचा बाप तिथे नांगर धरून होता, असं सांगितलं. वरून आवाज आला नाही, पण खालून माणसं सांगत आली की पुणं वाहून गेलं. म्हणजे १९६१. मी तसंच लिहिलं, त्यांच्या शब्दांत, आणि कंसात वर्ष.

मग वाचून दाखवलं. सगळे ऐकत होते. आंब्याशी आल्यावर आजोबांनी हात वर केला.

"चुकलं," ते म्हणाले. "निस्ता आंबा नाय. आंबा कुनी लावला ते नाय लिवलं."

दावेदाराच्या आजीने, असं कळलं. लग्न होऊन आली त्या वर्षी. मागून एक बाई म्हणाली आजीने नव्हे, आजीच्या सासूने. त्यावर तिसरीने तिला खोडून काढलं. पाचेक मिनिटं वाद चालला. समितीच्या अध्यक्ष बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ठरवलं, आजीच्या सासूचं नाव वंशावळीत आहेच, दोघींची नावं लिहा. मी दोघींची नावं लिहिली. आजोबांनी अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली. आणि काकांनी पुढच्या दाव्याचा अर्ज माझ्यासमोर ठेवला.